बॅजच्या आकड्यावर विश्वास बसत नाही तेव्हा: डायसेंट्रिक रक्तचाचणीचे परीक्षण

औद्योगिक रेडिओग्राफी करणाऱ्या कामगाराच्या किरण मोजणाऱ्या बॅजवर महिनाअखेरीस ४०० मिलिग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचे एकक) उमटतात आणि तो शपथेवर सांगतो की स्रोत उघडा असताना आपण खोलीत नव्हतो. बॅज लावलेला कोट आत टांगलेला राहिला का? कुणी मुद्दाम बॅज स्रोताजवळ ठेवला का? की त्या माणसाला खरोखर किरण लागले? बॅज यातले काहीच सांगू शकत नाही, कारण त्याने फक्त स्वतःला लागलेले किरण मोजले. माणसाला काय लागले ते माणसाच्याच पेशींना विचारावे लागते. ते विचारणारी सर्वांत भरवशाची सेवा म्हणजे रक्तातल्या लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींमधली डायसेंट्रिक, म्हणजे चुकीने जोडली गेलेली, गुणसूत्रे मोजून मात्रा काढणे. तिच्या जोडीला सूक्ष्मकेंद्रक चाचणी, फिश, गुणसूत्रांचे अकाली संघनन आणि गॅमा-एचटूएएक्स अशा चार सेवाही मिळतात. त्यांचा आढावा शेवटी थोडक्यात घेतला आहे. मुख्य परीक्षण डायसेंट्रिकचे.

आमचे मत आधीच सांगतो. ०.१५ ते ५ ग्रेपर्यंतची, संपूर्ण शरीराला आणि अलीकडेच लागलेली मात्रा ठरवायची असेल तर हिला तोड नाही. हाताच्या बोटांची भाजणूक, थायरॉइडमध्ये साठलेले आयोडीन किंवा वीस वर्षांपूर्वीचा संपर्क यासाठी तिच्याकडे गेलात तर पैसे आणि वेळ दोन्ही वाया जातील. आणि नुसता एक आकडा देऊन खालची-वरची मर्यादा न देणारा अहवाल मिळाला, तर तो परत पाठवा.

चाचणी नेमके काय मोजते

१ ग्रे गॅमा किरण एका पेशीला लागले की तिच्या डीएनएत सुमारे १००० ठिकाणी एकेरी धागा तुटतो आणि २० ते ४० ठिकाणी दोन्ही धागे एकदम तुटतात. एकेरी तुटीचे फारसे काही होत नाही. शाबूत धाग्याचा साचा समोर असल्याने ती बिनचूक सांधली जाते. दुहेरी तूट मात्र वेगळी. रक्तात फिरणारी लिम्फोसाइट विश्रांतीच्या अवस्थेत, म्हणजे जी-झीरोमध्ये असते. तिच्यात डीएनएची दुसरी प्रत तयार झालेली नसते, त्यामुळे प्रत बघून दुरुस्ती करण्याची वाट बंद असते. उरतो तो टोकाला टोक चिकटवण्याचा मार्ग. कू प्रथिने तुटलेली टोके पकडतात, डीएनए-पीके त्यांना जवळ आणते आणि लायगेज-४ सांधा मारते. हे टोक कुठल्या गुणसूत्राचे, याची खातरजमा ही यंत्रणा करत नाही. दोन गुणसूत्रे जवळजवळ, एकाच सुमारास तुटली असतील तर टोकांची अदलाबदल होते.

ही अदलाबदल दोन तऱ्हांनी होते, आणि दोन्हींची शक्यता साधारण सारखीच. एका तऱ्हेत दोन्ही नव्या गुणसूत्रांना एकेक गुणसूत्रबिंदू (विभाजनात गुणसूत्र जिथून ओढले जाते ती जागा) मिळतो. हे स्थानांतरण. पेशी त्याच्यासह व्यवस्थित विभागू शकते, म्हणून ते वर्षानुवर्षे टिकते. दुसऱ्या तऱ्हेत दोन गुणसूत्रबिंदू एकाच तुकड्यावर येतात आणि उरलेला तुकडा बिनबिंदूचा राहतो. दोन बिंदूंचे ते गुणसूत्र म्हणजे डायसेंट्रिक. पेशी विभागताना दोन्ही बिंदू विरुद्ध बाजूंना ओढले जाऊ शकतात आणि मधे पूल तयार होऊन पेशी मरते. म्हणून डायसेंट्रिक टिकाऊ नाही. पण सूक्ष्मदर्शकाखाली तो ओळखायला सर्वांत सोपा, आणि तो घडवणारी कारणे फारच थोडी. बहुतेक रसायने पेशी डीएनएची प्रत काढत असताना नुकसान करतात आणि त्यांचे व्रण वेगळ्या, अर्धगुणसूत्री (गुणसूत्राच्या एकाच अर्धावरच्या) प्रकारचे असतात. विश्रांत पेशीत थेट डायसेंट्रिक घडवणारी ब्लिओमायसिनसारखी मोजकीच औषधे आहेत. त्यामुळे किरण न लागलेल्या माणसात हजार पेशींमागे साधारण एखादाच डायसेंट्रिक सापडतो. चाचणीची सारी ताकद या स्वच्छ पार्श्वभूमीत आहे.

१९६२ साली बेंडर आणि गूच या संशोधकांनी ही कल्पना मांडली, आणि त्याच वर्षी अमेरिकेतल्या हॅनफर्ड अणुकेंद्राच्या अपघातात सापडलेल्या तिघांवर तिचा कस लागला. १९८७ मध्ये ब्राझीलच्या गोइयानियात फोडलेल्या सीझियम-१३७ च्या स्रोतानंतर शंभराहून अधिक लोकांचे रक्त अशा तऱ्हेने तपासले गेले. तिथे कुणाच्याही अंगावर बॅज नव्हता.

नमुना: निम्म्या चुका इथेच होतात

हेपॅरिनची नळी घ्यायची. लिथियम चालेल, सोडियम चालेल. ईडीटीएची नळी चालत नाही, कारण ईडीटीए कॅल्शियम धरून ठेवते आणि कॅल्शियमविना लिम्फोसाइट नीट वाढत नाहीत. रक्तपेढीत आणि वॉर्डात हाताशी नेमकी हीच नळी असते. घाईत तीच भरली जाते आणि दोन दिवसांनी प्रयोगशाळा कळवते की कल्चर (प्रयोगशाळेत वाढवायच्या पेशी) उगवलेच नाही. प्रौढाचे ५ ते १० मिलिलिटर रक्त पुरते. भरल्यावर नळी हलक्या हाताने आठ-दहा वेळा उलटी-सुलटी करायची. गुठळी झाली की नमुना गेला.

पाठवताना तापमान १८ ते २४ अंशांच्या दरम्यान हवे. बर्फाच्या पिशवीला नळी थेट चिकटली तर पेशी गोठून फुटतात. उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत राहिली तरी पेशी मरतात. २४ तासांत पोचले तर उत्तम, ४८ तास ही व्यवहारातली कड. पार्सलवर ‘क्ष-किरणांखाली घालू नये’ असे मोठ्या अक्षरात लिहा आणि आत एक बॅज ठेवा. वाटेत किरण लागले असतील तर ते त्याच्यावर उमटतील. हा सल्ला न विचारता देणारी प्रयोगशाळा कामातली आहे, असे खुशाल समजावे.

रक्त कधी काढायचे? संपर्कानंतर सुमारे एक दिवसाने. शरीरातल्या लिम्फोसाइटपैकी फक्त दोनेक टक्के रक्तात असतात, बाकीच्या प्लीहा, लसिका ग्रंथी आणि इतर ऊतींत. शरीराच्या एका भागालाच किरण लागले असतील तर दोन्ही साठे एकमेकांत मिसळायला वेळ द्यावा लागतो. पण मात्रा मोठी असल्याचा संशय असेल तर फार थांबू नका. लिम्फोसाइटची संख्या झपाट्याने पडते आणि नंतर मोजायला पेशीच उरत नाहीत. रक्त चढवायचे असेल तर नमुना त्याआधी घ्या.

सोबतच्या फॉर्मवर चार गोष्टी न चुकता लिहाव्यात: किरणांचा प्रकार, संपर्काची तारीख आणि तो किती वेळ चालला, आधीची किरणोपचार किंवा केमोथेरपी, आणि अलीकडचे सीटी स्कॅनसारखे तपास. यातल्या ‘किती वेळ’ या रकान्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते आणि सर्वांत मोठी चूक तिथूनच येते. त्याचा हिशेब पुढे दिला आहे.

बाकांवरचे काम

०.५ मिलिलिटर रक्त साधारण ४.५ मिलिलिटर आरपीएमआय-१६४० माध्यमात घालतात. त्यात १० ते २० टक्के गोवत्स रक्तरस, ग्लुटामिन, पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिन आणि पीएचए असते. हे पीएचए घेवड्याच्या जातीतून काढलेले द्रव्य आहे. झोपलेल्या टी-लिम्फोसाइटला तेच विभाजनासाठी उठवते. मग ३७ अंशांवर ४८ तास.

हे ४८ तास का, हे समजून घेण्यासारखे आहे. गुणसूत्रे दिसतात ती फक्त विभाजनाच्या मधल्या टप्प्यात, मेटाफेजमध्ये. आपल्याला हवे आहे पहिलेच विभाजन. पहिल्या विभाजनात जवळपास निम्मे डायसेंट्रिक नष्ट होतात, त्यामुळे दुसऱ्या विभाजनातल्या पेशी मोजल्या तर मात्रा कमी निघते. ७२ तास ठेवलेले कल्चर अशा पेशींनी भरलेले असते. म्हणून चांगल्या प्रयोगशाळा माध्यमात ब्रोमोडीऑक्सियुरिडीन घालतात. दुसऱ्या विभाजनातली गुणसूत्रे मग होएख्स्ट आणि गीम्सा रंगांत अर्धी गडद, अर्धी फिकी दिसतात आणि त्या पेशी वगळता येतात. अहवालात याचा उल्लेख नसेल तर विचारा. जास्त मात्रेच्या पेशी विभाजनाला उशिरा पोचतात, त्यामुळे गंभीर प्रकरणात कल्चर थोडे लांबवावे लागते. तेव्हा तर ही खूण असणे अत्यावश्यकच.

४५ व्या तासाला कोल्सेमिड घालतात. बरेच जण ०.१ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर वापरतात. पेशी मेटाफेजमध्ये अडकतात. वेळ किंवा प्रमाण जास्त झाले की गुणसूत्रे आखडून बुटकी होतात आणि त्यांची कंबर, म्हणजे बिंदूची जागा, दिसेनाशी होते. कमी झाले तर लांब, गुंतलेली राहतात आणि मेटाफेजही थोडेच मिळतात. नंतर ०.०७५ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये १० ते २० मिनिटे. पेशी फुगतात, गुणसूत्रे मोकळी होतात. इथे मिनिटा-मिनिटाचा फरक पडतो. जास्त वेळ ठेवल्या तर पेशी स्लाइडवर फुटून गुणसूत्रे शेजारच्या पेशीत मिसळतात, कमी ठेवल्या तर सगळा गुंता. मग मिथेनॉल आणि असेटिक आम्लाचे तीनास एक मिश्रण. ते ताजे आणि थंड हवे. पहिल्यांदा थेंबाथेंबाने, नळी हलवत घालायचे, नाहीतर गठ्ठे बनतात. तीन-चार वेळा बदलले की पेशींभोवतीचा तपकिरी धूसरपणा जातो. शिळे मिश्रण हवेतले पाणी शोषते आणि तो धूसरपणा काही केल्या हटत नाही.

स्लाइडवर थेंब टाकणे हे हस्तकौशल्याचे काम आहे. खोलीतली आर्द्रता आणि तापमान बदलले की पसरण बदलते. कोरड्या हवेत थेंब पटकन वाळतो आणि गुणसूत्रे पसरण्याआधीच जागच्या जागी बसतात. म्हणून अनुभवी लोक आधी एक स्लाइड करून बघतात, ओलसर कापड किंवा वाफ वापरून जुळवतात आणि मगच उरलेल्या करतात.

मोजणी

हा या सेवेचा गाभा. इथेच माणसाचे शिक्षण कामी येते. मोजायला घ्यायची पेशी पूर्ण असावी, ४६ बिंदू मोजता आले पाहिजेत. डायसेंट्रिक दिसला की त्याच पेशीत त्याचा बिनबिंदूचा तुकडा शोधायचा. तुकडा नसेल तर आधी स्वतःवर संशय घ्यायचा. तीन बिंदूंचे गुणसूत्र दोन डायसेंट्रिक म्हणून धरतात आणि त्याला दोन तुकडे हवेत. बिंदू असलेली वलये, म्हणजे दोन्ही टोके जुळून गोल झालेली गुणसूत्रे, हीही याच वेळी नोंदतात.

फसगत कुठे होते? दोन गुणसूत्रे एकमेकांवर आडवी पडली की दोन कंबरांचे एक गुणसूत्र भासते. भिंग वर-खाली फिरवून पाहिले की वरची कड दिसते. १३, १४, १५, २१ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांची टोके एकमेकांजवळ येऊन बसतात, तीही जोडलेली वाटतात. एका गुणसूत्राच्या दोन अर्धांना पीळ पडला की पिळाची जागा दुसरी कंबर वाटते. या तिन्ही प्रकारांत तुकडा नसतो. सेंट्रोमिअर (गुणसूत्रबिंदू) आणि टेलोमिअर (गुणसूत्राची टोके) वेगवेगळ्या चमकत्या रंगांत रंगवण्याची सोय असलेल्या प्रयोगशाळा या संशयांतून लवकर सुटतात. खर्च वाढतो, पण कमी मात्रेच्या, कोर्टात जाऊ शकणाऱ्या प्रकरणात तो करावा असे आमचे मत.

किती पेशी मोजायच्या? रूढ नियम असा: ५०० ते १००० पेशी, किंवा त्याआधीच १०० डायसेंट्रिक मिळाले तर तिथे थांबायचे. मोठ्या दुर्घटनेत शेकडो लोक असतात, तेव्हा ५० पेशी किंवा ३० डायसेंट्रिकवर काम भागवतात. दोन्हींत फरक किती पडतो ते आकड्यांतून पाहू.

डायसेंट्रिकचे प्रमाण मात्रेशी असे वाढते: पार्श्वभूमी, अधिक अल्फा गुणिले मात्रा, अधिक बीटा गुणिले मात्रेचा वर्ग. अल्फा आणि बीटा ही इथे गुणकांची नावे आहेत, किरणांची नव्हेत. अल्फाचा भाग एकाच कणाच्या वाटेवर झालेल्या दोन तुटींचा, बीटाचा भाग दोन वेगळ्या कणांनी केलेल्या तुटींचा. न्यूट्रॉनसारख्या दाट आयनीभवन करणाऱ्या किरणांत बीटा जवळपास नाहीसा होऊन सरळ रेषा उरते. गॅमा किरणांसाठी समजा पार्श्वभूमी ०.००१, अल्फा ०.०२ आणि बीटा ०.०६ धरले. हे आकडे उदाहरणापुरते आहेत, पण गॅमासाठी नेहमी मिळणाऱ्या आकड्यांच्या आसपासचेच. मग दर पेशीमागे डायसेंट्रिक असे: ०.१ ग्रेला ०.००३६, ०.५ ग्रेला ०.०२६, १ ग्रेला ०.०८१, २ ग्रेला ०.२८१, ४ ग्रेला १.०४.

१ ग्रे लागलेल्या माणसाच्या ५० पेशी पाहिल्या तर सुमारे ४ डायसेंट्रिक सापडतील. योगायोगाचा हिशेब धरला तर ९५ टक्के खात्रीची पट्टी ०.४५ ते १.७ ग्रे येते. त्याच माणसाच्या ५०० पेशी मोजल्या तर ४० सापडतील आणि पट्टी ०.८ ते १.२ ग्रेवर येईल. कुणाला तातडीने दवाखान्यात न्यायचे हे ठरवायला पहिली पट्टी पुरते. कामगाराच्या नोंदवहीत कायमची मात्रा लिहायला ती पुरत नाही. या पट्ट्यांत वक्राची, म्हणजे मात्रा आणि डायसेंट्रिक यांचे नाते सांगणाऱ्या वरच्या सूत्राच्या रेषेची, स्वतःची अनिश्चितता अजून धरलेली नाही, ती धरली की त्या थोड्या रुंदावतात.

आता सुरुवातीचा बॅज. माणसाला खरोखर ४०० मिलिग्रे लागले असते तर १००० पेशींत १८-१९ डायसेंट्रिक दिसायला हवेत. सापडला एकच. एकाच्या ९५ टक्के मर्यादेचे वरचे टोक ५.६, म्हणजे मात्रा फार तर ०.१६ ग्रे. बॅजला लागले, माणसाला तेवढे लागले नाही, हे इतक्या ठामपणे दुसरी कुठलीही चाचणी सांगत नाही. पण नीट लक्षात घ्या: ‘शून्य लागले’ असेही ती सांगत नाही. ०.१ ग्रेच्या खाली ही चाचणी जवळपास आंधळी असते आणि ‘काहीच लागलेले नाही’ असे प्रमाणपत्र तिच्या नावावर देणारी प्रयोगशाळा टाळावी.

वक्र कुणाचा?

सेवा निवडताना पहिला प्रश्न हाच विचारा. वक्र प्रयोगशाळेने स्वतःच्या हातांनी, स्वतःच्या मोजणाऱ्यांकडून काढलेला हवा. निरोगी माणसाचे रक्त नळीत ३७ अंशांवर ठेवून ० ते ५ ग्रेपर्यंत दहाएक वेगवेगळ्या मात्रा देतात, दुरुस्ती पूर्ण व्हावी म्हणून दोन तास तसेच ठेवतात आणि मग कल्चर करतात. १ ग्रेच्या खालच्या चार-पाच मात्रा त्यात नसतील तर अल्फा हवेतला समजावा. दुसऱ्याचा वक्र उसना घेतला की मोजणाऱ्यांच्या सवयींतला फरक थेट मात्रेत शिरतो.

वक्र किरणांच्या प्रकाराचाही जुळला पाहिजे. २५० किलोव्होल्टचे क्ष-किरण कमी मात्रेला कोबाल्टच्या गॅमापेक्षा दोन-तीन पट डायसेंट्रिक करतात. क्ष-किरणांचा अपघात गॅमाच्या वक्रावर वाचला तर मात्रा फुगवून सांगितली जाते. आयएसओ १९२३८ हे मानक याच कामासाठी आहे. प्रयोगशाळा त्यानुसार चालते का आणि इतर प्रयोगशाळांसोबतच्या तुलना-चाचण्यांत भाग घेते का, हे दोन प्रश्न पुरेसे बोलके आहेत.

यंत्राची मोजणी हा नवा मोह. मेटाफरसारखी यंत्रे स्लाइडवरचे मेटाफेज आपोआप शोधतात, चित्रे काढतात आणि संशयित डायसेंट्रिक पुढे मांडतात. मेटाफेज शोधण्यात त्यांचा फायदा निर्विवाद आहे, माणसाचे तासन् तास वाचतात. डायसेंट्रिक ओळखण्यात मात्र यंत्र बरेच डायसेंट्रिक सोडते आणि काही खोटे पकडते. खोटे माणसाने बघून काढायचे, सुटलेल्यांची भरपाई यंत्राच्या वेगळ्या वक्राने करायची. माणसाच्या वक्रावर यंत्राची मोजणी टाकलेला अहवाल मात्रा कमी सांगतो. ही चूक अहवालाच्या एका ओळीतून ओळखता येते, म्हणून ‘मोजणी कशी केली आणि कुठला वक्र वापरला’ ही ओळ सर्वांत आधी वाचा.

एकच आकडा, दोन वेगळी माणसे

आता फॉर्मवरचा ‘किती वेळ’ हा रकाना. दर पेशीमागे ०.२८१ डायसेंट्रिक मिळाले. किरण काही मिनिटांत लागले असतील तर मात्रा २ ग्रे. तेच किरण संथपणे २४ तास लागत राहिले असतील तर पहिली तूट दुसरी होण्याआधीच सांधली जाते. तुटी सांधायला सरासरी दोन तास धरले तर बीटाचा भाग सुमारे १५ टक्क्यांवर येतो आणि मात्रा निघते ४.५ ग्रे. त्याच स्लाइडवरून दुपटीहून मोठा फरक! रकाना कोरा असेल तर प्रयोगशाळा झटक्यात लागल्याचे गृहीत धरते. त्यात तिचा दोष नाही.

दुसरा प्रकार अर्ध्या अंगाला लागलेल्या किरणांचा. समजा ५०० पेशींत १०० डायसेंट्रिक मिळाले. सरासरी ०.२, म्हणजे १.७ ग्रे. साधारण अहवाल इथेच संपतो. चांगला अहवाल वाटणीही देतो. सगळ्या अंगाला सारखे किरण लागले असते तर सुमारे ४०९ पेशी कोऱ्या, ८२ पेशींत एक, ८ पेशींत दोन आणि तीनवाली जेमतेम एखादी, अशी वाटणी पडली असती. प्रत्यक्षात समजा ४४० कोऱ्या, ३१ मध्ये एक, २० मध्ये दोन, ७ मध्ये तीन आणि २ मध्ये चार मिळाले. विचरण सरासरीच्या १.८६ पट येते आणि यू हा निर्देशांक १३.७. तो १.९६ च्या वर गेला की वाटणी असमान मानतात. इथे तर शंकेला जागाच नाही.

डॉल्फिन या संशोधकाच्या पद्धतीने कोऱ्या पेशींचा हिशेब लावला की किरण लागलेल्या पेशींत सरासरी १.१३ डायसेंट्रिक निघतात, म्हणजे त्या भागाला ४.२ ग्रे. मेटाफेजपर्यंत न पोचलेल्या पेशींची भरपाई केली की शरीराचा ४० ते ५० टक्के भाग किरणांत सापडल्याचे दिसते. उपचार करणाऱ्या डॉक्टरच्या दृष्टीने हे दोन वेगळे रुग्ण आहेत. एकाच्या सगळ्या अस्थिमज्जेला १.७ ग्रे लागले. दुसऱ्याची अर्धी मज्जा शाबूत आहे आणि ती रक्त पुन्हा उभे करील, पण किरण लागलेल्या भागाची त्वचा आणि आतडी धोक्यात आहेत. म्हणून अहवालात पेशींची वाटणी मागितलीच पाहिजे. ती छापायला एक ओळ लागते आणि ती न छापणाऱ्या सेवेला आम्ही चांगली सेवा म्हणणार नाही.

जिथे ही चाचणी हरते

स्रोत बोटांनी उचलला, त्वचा भाजली, पण शरीराच्या बाकी भागाला काहीच लागले नाही. अशा वेळी रक्ताच्या फार थोड्या पेशी त्या बोटांतून गेलेल्या असतात. डायसेंट्रिक शून्य येऊ शकतो आणि तरी बोट कापावे लागू शकते. शून्य पाहून रुग्णाला घरी पाठवणे ही घातक चूक. पोटात गेलेले सीझियम किंवा ट्रिटियम शरीरभर पसरते, तिथे चाचणी चालते. आयोडीन-१३१ थायरॉइडमध्ये गोळा होते, तिथे चालत नाही.

काळही विरोधात असतो. डायसेंट्रिकवाल्या पेशी साधारण तीन वर्षांत निम्म्या होतात, मोठ्या मात्रेनंतर आणखी लवकर. वर्षभराच्या आत दुरुस्तीचा गुणक लावून काम भागते. पाच-सात वर्षांनंतर तो गुणकच अंदाजाचा होतो. ५ ग्रेच्या पुढे पेशी मेटाफेजला पोचतच नाहीत. आधी किरणोपचार झालेल्या माणसात जुने आणि नवे डायसेंट्रिक वेगळे करता येत नाहीत.

आणि अहवाल हातात आल्यावर लोक विचारतात, ‘मला कॅन्सर होईल का?’ ही चाचणी मात्रा सांगते, आजार सांगत नाही. मोजलेल्या त्या पेशी लवकरच मरणार असतात. भीतीने पांढऱ्या पडलेल्या माणसाला हे नीट बसून समजावणे सेवेचाच भाग आहे. अनेक ठिकाणी नुसता कागद हातात दिला जातो.

बाकीच्या सेवा, थोडक्यात

सूक्ष्मकेंद्रक चाचणीत ४४ व्या तासाला सायटोकॅलेसिन-बी घालून पेशीचे शेवटचे विभाजन रोखतात, ७२ तासांनी दोन केंद्रकांच्या १००० पेशींत मागे राहिलेली छोटी केंद्रके मोजतात. शिकायला सोपी, मोजायला जलद. पण पार्श्वभूमी जास्त, वयाबरोबर वाढणारी आणि स्त्रियांमध्ये अधिक, त्यामुळे ०.२ ते ०.३ ग्रेच्या खाली काही ठरत नाही. गर्दीत चाळणी लावायला चांगली, एकट्या बॅजच्या वादाला कमजोर.

जुन्या संपर्कासाठी फिश. १, २ आणि ४ क्रमांकांची गुणसूत्रे रंगवून स्थानांतरणे मोजतात. ही तीन गुणसूत्रे एकूण अदलाबदलींपैकी सुमारे ३५ टक्केच दाखवतात, म्हणून पेशी हजारोंनी मोजाव्या लागतात आणि बिल वाढते. स्थानांतरणे वयाबरोबर वाढतात, त्यामुळे माणसाचे वय न विचारता दिलेला फिशचा आकडा निरुपयोगी.

५ ग्रेच्या पुढे अकाली संघनन. विभाजनाची वाट न बघता कॅलिक्युलिनसारख्या द्रव्याने, किंवा विभाजनात असलेल्या पेशीशी जोडून, गुणसूत्रे जबरदस्तीने घट्ट केली जातात. वलये मोजून २० ग्रेपर्यंत जाता येते. १९९९ च्या जपानमधल्या टोकाइमुरा अपघातात लिम्फोसाइट इतक्या घटल्या होत्या की याच पद्धतीचा आधार घ्यावा लागला. हे काम हातचे असलेल्या प्रयोगशाळा थोड्या आहेत.

गॅमा-एचटूएएक्स दुहेरी तुटीभोवती जमणारे ठिपके मोजते आणि काही तासांत उत्तर देते. ठिपके अर्ध्या-एक तासात शिखरावर जातात आणि दिवसाभरात विरतात. महिनाअखेरीच्या बॅजसाठी तिचा काडीचाही उपयोग नाही.

डायसेंट्रिकचा निकाल नमुना पोचल्यापासून तीन दिवसांच्या आत मिळणे शक्य नाही. ४८ तास कल्चरचेच जातात. १००० पेशी हाताने मोजायच्या तर आणखी काही दिवस धरा. ‘उद्या सकाळी देतो’ म्हणणाऱ्याकडे नमुना देऊ नका. नमुना देतानाच एक गोष्ट लेखी मागून घ्या: मिश्रणात स्थिर केलेल्या उरलेल्या पेशी उणे २० अंशांवर जपून ठेवाव्यात. त्या वर्षानुवर्षे टिकतात. निकालावर वाद झाला तर त्यांच्यातून नव्या स्लाइड करून दुसऱ्या मोजणाऱ्याकडे, हवे तर दुसऱ्या प्रयोगशाळेत पाठवता येतात. त्या माणसाला पुन्हा सुई टोचावी लागत नाही, आणि तोवर उलटून गेलेल्या महिन्यांत डायसेंट्रिक किती कमी झाले असतील याचा अंदाजही बांधावा लागत नाही.